एका वाडग्यात किती जीव

व्हिएतनाममधल्या ह्वे शहरातल्या नदीकाठच्या वॉर्डाने सातव्या चांद्रमासाच्या सुरुवातीला दयाळू व्हायचं ठरवलं. ठराव एकमताने मंजूर झाला. दयेला विरोध करणं बरं दिसलं नसतं, म्हणून कोणी केला नाही.

दुसऱ्याच दिवशी पहाटे पाच वाजता खांबावरचा भोंगा खरखरला आणि वॉर्डाचे अध्यक्ष क्विन्ह यांचा आवाज गल्लीगल्लीत घुमला. "बंधुभगिनींनो, दयेची सुरुवात स्वतःपासून करा. पुरेशी झोप घ्या. शांत, गाढ झोपा. उठायची घाई करू नका. ही सूचना पुन्हा ऐका."

सूचना तीनदा झाली. दुसऱ्या खेपेला वॉर्डातली तान्ही पोरं रडू लागली, तिसऱ्या खेपेला कुत्री. समोरच्या खिडकीतून नूडलवाल्या लामने उघड्या अंगाने बाहेर डोकावून ओरडून सांगितलं, "अहो, झोपलोच होतो की!"

भोंग्याच्या खांबाला लागून जंगली बदामाचं झाड होतं आणि झाडाखाली दिउमावशीचं दुकान. दुकान म्हणजे कावडीच्या दोन टोपल्या, एक कोळशाची शेगडी आणि लहान मुलांना बसायला असतात तशी ठेंगणी स्टुलं. त्या जागी आधी तिची आई बसायची. मावशीकडे एकच पदार्थ मिळे, तिसऱ्यांचा भात. भात गार, त्यावर करंगळीच्या नखाएवढ्या तिसऱ्या, म्हणजे नदीतले शिंपले, चिरलेलं केळफूल, शेंगदाणे, मिरची, कोळंबीची आंबवलेली चटणी आणि वरून तिसऱ्यांचा उकळता रस्सा. गरिबाची न्याहारी. उजाडायच्या आत कामावर निघालेले किंवा कामावरून परतणारे लोक ती खात. गवंडी यायचे, नावाडी यायचे, आणि रस्ता झाडून झाला की थेउ यायची. वॉर्डात थेउला सगळे 'ओ झाडूवाली' म्हणत. झाडू बुंध्याला टेकवून ती शेवटच्या स्टुलावर बसे. मावशी तिच्या वाडग्यात शेंगदाणे जरा जास्त घाली आणि घातले नाहीत असं दाखवी.

"मावशी, आज तिखटाला हात सैल सोड," गवंडी तॉन म्हणाला.

"कालचं उतरलं का आधी? दिवसभर नळ शोधत फिरत होतास म्हणे."

"स्वतःशी दयेने वागायला सांगितलंय मला. भोंग्याने."

"मग घरी झोपायचं होतंस."

असं ते दुकान होतं. दया अजून तिथवर पोचली नव्हती.

ती न्याहारीच्या शेवटी शेवटी पोचली. पुढे अध्यक्ष क्विन्ह, गोल चेहऱ्याचे, हसतमुख गृहस्थ. मागे समितीच्या सचिव मिएनबाई. या मिएनबाई नुकत्याच सायगॉनला करुणेचं शिबिर करून आल्या होत्या. त्या इतक्या हळू बोलत, की त्यांची बोलणी खायलाही माणसाला पुढे वाकावं लागे.

दोघं का आले होते, ते साऱ्या वॉर्डाला ठाऊक होतं. जिल्ह्याने 'करुणामय वॉर्ड' असा पितळी फलक जाहीर केला होता. पौर्णिमेला परीक्षक येणार होते. शेजारच्या वॉर्डाकडे आधीच तीन फलक होते. क्विन्हसाहेबांच्या कचेरीत भिंतीवर फक्त खिळा होता. तो त्यांनी अध्यक्ष झाले त्याच दिवशी ठोकून घेतला होता.

"मावशी," मिएनबाई म्हणाल्या, "तुमच्या एका वाडग्यात किती जीव असतात?"

"वाडग्यात भात असतो, पोरी."

"भातावर?"

"तिसऱ्या."

"किती?"

"मूठभर."

"मुठीत नको, मावशी. आम्हाला जीव मोजायचे आहेत."

वॉर्डातल्या प्रत्येक खाणावळीची दया मोजायची होती आणि मोजायचं माप ठरलं होतं, वाडग्यामागे जीव. एक वाडगा मागवून वर्तमानपत्रावर पालथा केला. अध्यक्षांनी दातकोरणीने एकेक तिसरी बाजूला सारत मोजायला घेतलं. मोजलेली पुन्हा मोजली जाऊ नये म्हणून ते ती तोंडात टाकत होते. मध्ये दोनदा आकडा चुकला, तेव्हा आणखी दोन वाडगे मागवावे लागले. अखेर हिशेब लागला. दोनशे जीव, अध्यक्षांच्या पोटातले धरून.

"दोनशे!" मिएनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "एका न्याहारीला."

मग ते रस्ता ओलांडून लामकडे गेले. लाम बैलाच्या मांसाचे नूडल विकायचा. त्याच्या दुकानाला दार होतं, पंखा होता, आणि खायला मोटारीने लोक येत.

"लामभाऊ, एका बैलात किती वाडगे होतात?"

"हाडं, शेपूट, खूर धरून? सातशे तर कुठेच गेले नाहीत. रश्शात पाणी घालायचं मनावर घेतलं तर हजार."

मिएनबाईंनी भागाकार केला. मग पुन्हा केला, कारण उत्तर फार सुंदर होतं. "म्हणजे एका वाडग्यामागे तुम्ही एका जिवाचा हजारावा भाग मारता. म्हणजे जवळजवळ मारतच नाही."

लामने सुरी फडक्याला पुसली. "अगं ए, ऐकलंस का?" त्याने आत बायकोला हाक मारली. "वीस वर्षं खाटिक म्हणून ओरडतेस ना मला? साधू निघालो मी!"

रस्त्यापलीकडून तॉनने विचारलं, "साहेब, हत्तीची खाणावळ काढली तर?"

"तत्त्वतः उत्तम," मिएनबाई गंभीरपणे म्हणाल्या.

दुपारपर्यंत पाट्या लागल्या. लामच्या दारावर हिरवी, 'करुणामय'. बदामाच्या झाडावर तांबडी, 'अतिहिंसक. वाडग्यामागे दोनशे जीव.' शाळेतून येणारी मुलं मावशीकडे जरा भीतीने, जरा कौतुकाने बघून गेली.

आता एक गोष्ट मावशीला ठाऊक होती. लामच्या रश्शातही तीच कोळंबीची चटणी पडते, आणि ती कोळंबी राईच्या दाण्याएवढी. चमचाभर चटणीत किती जीव, हे मोजायला अध्यक्षांना जन्म पुरला नसता. समितीने ते विचारलं नव्हतं. लाम आपल्या दारातून मावशीकडे बघत होता, हातातली सुरी तशीच. मावशीने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या पातेल्याकडे पाहिलं, आणि ती वाडगे धुऊ लागली.

प्रकरण पाटीवरच थांबलं असतं तर मावशीने तिच्यावर फडकी वाळत घातली असती. पण पौर्णिमेचा सोहळा झाडाखालीच व्हायचा होता, आणि सोहळ्याच्या जागी हिंसा चालणार नव्हती. मावशीने पंपघराच्या मागे बसावं असं ठरलं. वॉर्डाला फलक मिळाला, तर कायमचं. मग दया कायमची होणार होती ना.

"पंपघरामागे कोण येणार, साहेब?" मावशीने विचारलं. "तिकडे कुत्रंसुद्धा काम असल्याशिवाय जात नाही."

"तुम्ही हिंसा सोडा, मावशी, जागा तुमचीच आहे," अध्यक्ष म्हणाले. मनाने ते वाईट नव्हते. फक्त तो खिळा फार दिवस रिकामा होता.

मावशीने रात्रभर विचार केला आणि तिला उपाय सापडला. ह्वेमध्ये महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला घरोघरी शाकाहारी जेवतात, आणि त्या दिवशी सोयाबीनचा मासा, फणसाची कोंबडी, पिठाची कोळंबी अशी करतात की मांजरालाही शंका येऊ नये. मावशीही त्या दोन तिथींना अळंब्यांच्या तिसऱ्या करी. आता रोज त्याच करायच्या. तिने अळंबी नखाएवढी कापली, समुद्री शेवाळाच्या पाण्यात मुरवली, रस्सा केला आणि समितीला बोलावलं.

अध्यक्षांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "हुबेहूब!"

मिएनबाईंचा चेहरा पडला. "हुबेहूब? म्हणजे खाताना तुमच्या मनात तिसरी आली?"

"आली."

"एकच?"

अध्यक्ष प्रामाणिक माणूस. "नाही हो. पुष्कळ आल्या."

"म्हणजे मनातल्या मनात दोनशे." मिएनबाईंनी मावशीच्या हातावर हात ठेवला. "मावशी, हात शुद्ध झाले, पण जीभ अजून मारते आहे."

"मग चव काढून टाकू का?"

"प्रयत्न करून बघा ना."

दुसऱ्या दिवशी मावशीने अळंबी नुसती उकडून भातावर टाकली. मीठ नाही, मिरची नाही. अध्यक्षांनी एक घास घेतला आणि बराच वेळ तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. समितीने निर्णय दिला, की असं अन्न खाणं म्हणजे स्वतःवर निर्दयपणा आहे, आणि स्वतःवरचा निर्दयपणा हा सगळ्यात मोठा. तांबडी पाटी कायम राहिली. मावशीने कावड उचलली आणि ती पंपघरामागे गेली.

तिथे खरंच कोणी आलं नाही. गवंड्यांची कामं पलीकडच्या टोकाला. नावाड्यांना नाव सोडून इतक्या लांब येता येत नव्हतं. थेउचा रस्ता बदामाच्या झाडाशी संपे आणि तिथून मुकादम सगळ्यांना गाडीत घालून डेपोला नेई. मधल्या वेळात पंपघरापर्यंत जाऊन येणं होईना, आणि लामच्या नूडलच्या वाडग्यात तिची अर्धी रोजी गेली असती. ती झाडाखाली नुसती बसे, झाडू मांडीवर घेऊन. डोक्यावरचा भोंगा सांगे, "न्याहारी चुकवू नका. न्याहारी म्हणजे आपणच आपल्याला मारलेली मिठी."

थेउ पाणी पिई आणि गाडीत चढे.

इकडे कचेरीत दया भलत्याच वेगाने वाढत होती. स्वतःवर दया करण्याचा तास सुरू झाला. त्यात प्रत्येकाने आरशासमोर उभं राहून स्वतःला एक गोड वाक्य ऐकवायचं. लामने 'तू देखणा आहेस' असं घरच्या आरशाला सांगितलं, तर बायको बाहेर येऊन 'कोण ती?' म्हणाली. अध्यक्षांना या तासाचा सर्वात जास्त फायदा झाला. कसलीही चूक झाली की ते स्वतःला तिथल्या तिथे माफ करायला शिकले.

पौर्णिमा जवळ आली तशी एक अडचण समोर आली. सोहळ्यात जिवांना नदीत मोकळं सोडायचं होतं आणि गुण मिळणार होते ते सोडलेल्या जिवांच्या संख्येवर. शेजारच्या वॉर्डाने चाळीस मासे मागवल्याची खबर होती. अध्यक्ष डोकं धरून खिडकीशी बसले होते. बसल्या बसल्या त्यांची नजर झाडावरच्या तांबड्या पाटीवर गेली. वाडग्यामागे दोनशे जीव.

ते उठून उभे राहिले. "मिएनबाई, एका टोपलीत किती वाडगे होत असतील हो?"

तासाभरात दोघं पंपघरामागे हजर. मावशी रिकाम्या स्टुलांसमोर बसून रश्शाला वारा घालत होती.

"मावशी, वॉर्डाला तुमच्या तिसऱ्या हव्यात. पाच टोपल्या! पौर्णिमेच्या सकाळी. नदीत सोडायला."

मावशीला हसू आलं, ते तिने गमच्यात धरलं. "सोडायला? त्या नदीतल्या बेटावरच्या लोकांनी पाण्यात उभं राहून ओरबाडून काढायच्या, आणि तुम्ही परत टाकायच्या?"

"हीच तर करुणा! फक्त काही अटी आहेत," मिएनबाई म्हणाल्या. "चिखल नको. वास नको. आणि कवचं अजिबात नकोत. लहान मुलं अनवाणी घाटावर येणार, पायाला लागतील. मुलांवरही दया हवी."

"कवचं नकोत?" मावशीने पंखा खाली ठेवला. "अगं, कवच काढायचं म्हणजे आधी त्या—"

"मावशी, 'आधी' नाही, 'पण' नाही. नकाराने बोलणं हीसुद्धा हिंसाच."

"मी काय म्हणते, उकड—"

"मावशी!" अध्यक्ष कळवळले. "इतकं चांगलं काम चाललंय."

मावशीने तोंड मिटलं. या माणसाने जन्मभर तिसऱ्या खाल्ल्या होत्या. त्या कवचाबाहेर कशा येतात, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. बेटावरचे लोक त्या मोठ्या हंड्यांत उकडतात, ढवळतात, तेव्हा कवच सुटतं. बाजारात येतात त्या अशाच.

"साहेब, मग माझी जागा परत मिळेल?"

"फलक लागू दे. सगळ्या जगावर दया करणार, तुमच्यावर का नाही?"

पौर्णिमेच्या सकाळी घाटावर ढोल होता, पताका होत्या, धुतलेल्या कपड्यांतली मुलं होती. जिल्ह्याचे परीक्षक फुंगसाहेब, साठी ओलांडलेले काटकुळे गृहस्थ, खुर्चीवर बसले होते. पहाटेपासून त्यांनी चार वॉर्डांतली दया पाहिली होती आणि दयेच्या दिवशी परीक्षकाने उपाशी राहावं असा नियम असल्यामुळे त्यांच्या पोटात काही नव्हतं.

"लक्षावधी जीव!" भोंग्यावरून अध्यक्षांचा आवाज आला. मिएनबाईंनी टोपल्यांवरची रेशमी फडकी काढली. आतून थोडी वाफ आली. ती नदीवरच्या धुक्यात जमा धरली गेली.

ढोल वाजला. टोपल्या नदीत उपड्या झाल्या. मुलांनी टाळ्या पिटल्या. मग मुलं पाण्याकडे बघत राहिली, कारण मोकळे झालेले जीव काहीच करत नव्हते. मऊ, फिक्या पिवळ्या रंगाचा तो थर लाटेबरोबर वरखाली होत होता. आणि मग नावाड्यांची पाळलेली बदकं आली. आधी चार, मग बातमी लागल्यासारखी सगळीच.

ढोलवाल्याने हळूच टिपऱ्या खाली ठेवल्या. अध्यक्षांनी मावशीकडे पाहिलं. मावशीने नदीकडे पाहिलं.

"हे जीव हलत का नाहीत?" फुंगसाहेबांनी विचारलं.

"शांत आहेत, साहेब," अध्यक्ष म्हणाले. "आमच्या वॉर्डातलं वातावरणच तसं आहे."

फुंगसाहेबांचा जन्म नावेवरचा. त्यांनी बदकांकडे पाहिलं. मग त्यांनी शेरा सांगितला आणि तो भोंग्यावरून साऱ्या वॉर्डाने ऐकला. "सोडलेल्या जिवांना ताबडतोब मुक्ती मिळाली. संख्येचे पूर्ण गुण."

अध्यक्षांनी स्वतःला तिथेच माफ केलं.

गर्दी पांगताना फुंगसाहेब मावशीजवळून गेले. न थांबता, ओठ न हलवल्यासारखं करून त्यांनी विचारलं, "ताई, उकडल्याचं पाणी टाकून तर दिलं नाहीस ना? रस्सा केला असशील?"

"केलाय, दादा. प्यायला कोणी नाही."

"हं," फुंगसाहेब म्हणाले आणि पोटावर हात धरून पुढे गेले.

फलकाला आता संध्याकाळच तेवढी आड होती. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला ज्यांना कोणी नाही अशा भटक्या आत्म्यांना जेवू घालतात. रस्त्याकडेला ताट मांडतात. पेज, लाह्या, उकडलेले कंद, ऊस. वॉर्डाचं ताट बदामाच्या झाडाखाली मांडलं होतं आणि मिएनबाईंनी त्यातही सुधारणा केली होती. पेजेत मीठ नव्हतं, लाह्यांत गूळ नव्हता. आत्म्यांच्या रक्तदाबाचा विचार झाला होता.

फुंगसाहेबांनी ताटाभोवती एक फेरी मारली. "हे आत्मे कोण, अध्यक्ष?"

"जे रस्त्यावर मेले, साहेब. पाण्यात, वादळात. ज्यांना घर नव्हतं, नाव घेणारं कोणी नव्हतं. हमाल, नावाडी, गवंडी."

"त्यांना ही पेज आवडायची?"

अध्यक्षांनी मिएनबाईंकडे पाहिलं. मिएनबाईंनी पेजेकडे पाहिलं. शिबिरात हा प्रश्न आला नव्हता.

"इथे कोणी सांगू शकेल का," फुंगसाहेबांनी जमलेल्या लोकांवरून नजर फिरवत ती मावशीवर आणून ठेवली, "असे लोक काय खायचे?"

"आवड कुठली, दादा," मावशी म्हणाली. "परवडायचं ते खायचे. तिसऱ्यांचा भात."

"पण दोनशे जीव!" मिएनबाई प्रथमच मोठ्याने बोलल्या.

"तुमचा नियम म्हणा पाहू," फुंगसाहेब म्हणाले.

मिएनबाईंना तो पाठ होता, त्यांनीच केला होता. "सोहळ्याच्या जागी जिवंत ग्राहकांना हिंसक अन्न विकण्यास मनाई आहे."

"जिवंत."

"हो, जिवं—" आणि मिएनबाई थांबल्या.

"म्हणजे मेलेल्यांना हरकत नाही. ज्याला जे गोड लागतं ते त्याला द्यावं, नाहीतर कसली दया? या महिन्यात आत्मे रोजच फिरतात. ताईंनी याच जागी बसून त्यांना वाढावं. फलक मंजूर." मग खाकरून ते म्हणाले, "पहिला वाडगा परीक्षेसाठी मला द्या. जरा तिखट."

परीक्षकाने तीन वाडग्यांची परीक्षा केली. त्याच रात्री तांबड्या पाटीची दुसरी बाजू रंगवून ती पुन्हा झाडावर चढली. 'फक्त भटक्या आत्म्यांसाठी.'

दुसऱ्या दिवशी मावशीने झाडाखाली शेगडी पेटवली. अंधारातून कोणीतरी येऊन स्टुलावर बसलं. तोंडाला, केसांना सिमेंट फासलेलं.

"कोण?" मावशीने विचारलं.

"भटका आत्मा," तॉन खोल आवाजात म्हणाला.

"कशाने गेलास रे बाबा?"

"उपासाने, मावशी. तू पंपघरामागे गेलीस ना, त्याच आठवड्यात."

"तिखट?"

"जिवंतपणी खायचो तेवढंच. सैल हाताने."

मग दुसरा आत्मा आला, तिसरा आला. नावाड्यांचे आत्मे बुडाल्यासारखे दिसावेत म्हणून डोकं भिजवून आले होते. समोरून लाम आला. "मी साधू, त्यामुळे थेट वर जायचा होतो. वास आला म्हणून परतलो." त्याने येताना मावशीसाठी पाण्याची नळी ओढत आणली होती. आपल्या नळाला जोडून ती त्याने झाडाला बांधून टाकली. चटणीतल्या कोळंबीचा विषय दोघांनीही काढला नाही.

"मावशी, माझा धर्म बाटेल ना हे खाऊन?" लामने विचारलं.

"मेलेल्याचा काय बाटणार? खा गुमान."

शेवटी थेउ आली. झाडू बुंध्याला टेकवून तिच्या स्टुलावर बसली. मावशीने शेंगदाणे घातले, जरा जास्त. थेउने पहिला घोट घेतला आणि वाडगा नुसताच तोंडाजवळ धरून ठेवला.

"तुला नाही विचारणार हो, कशाने गेलीस ते," मावशी म्हणाली.

"विचार की. मी काही नवी नाही यात."

उजाडताना अध्यक्ष आले. समोर माणसं जेवत होती. माणसं आहेत म्हणावं, तर नियम मोडला, फलक गेला. आत्मे आहेत म्हणावं, तर भुताखेतांवर विश्वास ठेवू नका असं दर वर्षी भोंग्यावरून त्यांनीच सांगितलेलं, अध्यक्षपद गेलं. दोन्हीकडून विचार करून त्यांनी कोणी दिसतच नाही असं ठरवलं. तॉनच्या पायाला अडखळले, 'हवा पडली आहे' म्हणाले, आणि कचेरीत जाऊन खिळ्यावरचा फलक पुसत बसले.

असं काही दिवस चाललं. पण कचेरीच्या खिडकीतून रश्शाचा वास यायचा. अखेर एका पहाटे भोंग्यावरून 'शांत झोपा' सांगून झाल्यावर अध्यक्ष टोपी कपाळावर ओढून खाली आले आणि रिकाम्या स्टुलाशी घुटमळले.

"कोण?" मावशीने विचारलं.

"मी... आपला..."

"मोठ्याने, साहेब. आत्म्यांना कमी ऐकू येतं."

"भटका आत्मा," अध्यक्ष पुटपुटले.

"बसा. या स्टुलांवर सगळे सारखेच."

ते थेउच्या शेजारी बसले. अर्धा वाडगा संपल्यावर जिवात जीव आला, तेव्हा त्यांनी शेजारी पाहिलं. तॉनला त्यांनी ओळखलं, नावाड्यांना ओळखलं. ही बाई मात्र त्यांना आठवेना.

"बाई, तुम्ही कुठल्या? वॉर्डात कधी पाहिलं नाही तुम्हाला."

"तुमच्या दारातच असते, साहेब," थेउ म्हणाली. "रोज पहाटे. पायरीवरच्या चपला वेड्यावाकड्या असतात तुमच्या, त्या सरळ करून ठेवते."

अध्यक्षांनी वाडगा खाली ठेवला. चपला रोज सरळ असायच्या. त्यांना वाटायचं, बायको ठेवते. बायकोला वाटायचं, ते ठेवतात.

"किती... किती वर्षं?"

"एकोणीस झाली."

अध्यक्ष उठले. टोपी तिथेच राहिली. जाताना त्यांना खरोखरच कोणी दिसत नव्हतं. आणि त्या संध्याकाळी, आजवर भुतांना न मानणाऱ्या या माणसाने आपल्या पायरीवर मूठभर उदबत्त्या लावल्या, मेलेल्यांसाठी जाळतात तसल्या खोट्या कागदी नोटांची चळत जाळली, कागदाचा एक पोशाखही जाळला, आणि हात जोडून म्हटलं, "हे अनोळखी आत्म्या, शांत हो."

दुसऱ्या पहाटे ती सगळी राख थेउने झाडली. चपला सरळ केल्या आणि ती न्याहारीला आली.

"अगं, नाव सांगून टाकायचं ना त्यांना!" मावशी हसता हसता शेगडीवर कलंडली.

"त्यांनी विचारलं कुठे?"

महिना संपला, पण आत्म्यांची गर्दी बघून परवानगीची मुदत वाढवावी लागली. ती अजून चालू आहे. झाडाखाली बसायला जागा पुरत नाही.

तुम्ही अध्यक्षांना हसलात, ते ठीकच. तुमच्याही दारासमोर रोज पहाटे कोणीतरी झाडून जातं. त्या माणसाचं नाव सांगा पाहू.

राहू दे, घाई नाही. पण आज दिवेलागणीला उंबऱ्यावर एक उदबत्ती लावा. तुमच्याकडेही कोणाचा तरी वावर दिसतोय.